ऐकणारी कुठे बसली आहे?



गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर एक बैठक झाली. कार्यक्रम करणाऱ्या मुलींनी विषय काढला की आपले कार्यक्रम आता फोनवरही टाकायचे, पॉडकास्ट करायचा. सगळ्यांना कल्पना आवडली. मग एकीने हळूच विचारलं, "पण ताई, तिथे ऐकणार कोण? तिथे आधीच ढिगानं कार्यक्रम पडलेत. आपला चालायचा तर काय करावं लागेल?" त्यावर कोणी म्हणालं, चांगला माइक घेऊ. कोणी म्हणालं, सुरुवातीला झकास संगीत टाकू. कोणी म्हणालं, दहा मिनिटांच्या वर नको, लोकांना वेळ नसतो.

मी तेव्हा गप्प बसले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन विचार करायला लागले तेव्हा वाटलं, हा प्रश्न पॉडकास्टपेक्षा जुना आहे. माणसाचा आवाज तारेवाचून दूर जाऊ लागला त्या दिवसापासून बोलणाऱ्याला ही काळजी लागलेली आहे. समोर कोणी दिसत नाही, मान डोलवत नाही, जांभई देत नाही. मग ऐकणारी थांबली आहे की उठून गेली, हे कळायचं कसं? आजच्या भाषणात मी तुम्हाला तीन-चार गोष्टी सांगणार आहे. ज्यांनी हे कोडं आपापल्या काळात सोडवलं, त्यांच्या.

आधी पॉडकास्ट या शब्दाचं बघू. हा शब्द 2004 साली इंग्लंडच्या 'गार्डियन' वर्तमानपत्रात एका पत्रकाराने सहज सुचवला होता. ॲपल कंपनीचं आयपॉड नावाचं गाणी ऐकायचं छोटं यंत्र तेव्हा गाजत होतं. त्यातला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' असा जोड झाला. पुढच्याच वर्षी ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि 2005 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या शब्दकोशाने हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. यात नवीन होतं ते एवढंच, की कार्यक्रम ठरल्या वेळी हवेत सोडण्याऐवजी तो वर्तमानपत्रासारखा दारात येऊन पडतो. तुम्ही भाकऱ्या थापताना ऐका, एसटीत ऐका, रात्री ऐका. परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही. पण आवाज तोच, कान तेच. म्हणून जुन्या लोकांकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

पहिली गोष्ट एका बाईची. नाव हिल्डा मॅथेसन. जन्म 1888 सालचा, इंग्लंडमधला. शिक्षण इतिहासाचं. ब्रिटिश संसदेत बसलेली पहिली स्त्री खासदार नॅन्सी ॲस्टर, तिची ही सचिव होती. 1926 साली ती बीबीसीत आली आणि पुढच्या वर्षी तिथल्या भाषण विभागाची प्रमुख झाली. बीबीसीला तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती.

त्या वेळी रेडिओवर भाषण म्हणजे काय, तर एखादे प्राध्यापक नाहीतर पुढारी यायचे आणि सभेत बोलावं तसं मायक्रोफोनपुढे बोलायचे. कोणी कागद खाली मान घालून वाचायचे. हिल्डाच्या लक्षात आलं की हे घरात चालत नाही. सभेतला माणूस हजारांत बसलेला असतो, त्याला मोठा आवाज, हातवारे, टाळ्या लागतात. रेडिओ ऐकणारं माणूस मात्र आपल्या खुर्चीत, आपल्या शेगडीजवळ, एकटं नाहीतर घरातल्या दोघा-तिघांबरोबर बसलेलं असतं. त्याच्या घरात शिरून कोणी भाषण ठोकलं तर ते बटण फिरवणारच. म्हणून तिने ठरवलं की बोलायचं ते एकाच माणसाशी बोलतोय असं.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात तिने त्यासाठी फार मेहनत घेतली. मोठमोठे लेखक तिच्याकडे यायचे. एच. जी. वेल्स, बर्नार्ड शॉ, अर्थशास्त्रज्ञ केन्स, व्हर्जिनिया वुल्फ अशी माणसं तिने मायक्रोफोनपुढे आणली. पण कोणीही असो, आधी लिहून आणायचं, मग तिच्यापुढे म्हणून दाखवायचं. जिथे पुस्तकी वाक्य येईल तिथे ती थांबवायची आणि बोलण्यासारखं करून घ्यायची. म्हणजे सहज वाटणारं बोलणं लिहून, सराव करून आणावं लागतं, हे तिने दाखवलं. आपल्याकडे उलटा समज आहे. माइक सुरू केला आणि गप्पा मारल्या की झालं सहज. तसं होत नाही. तुम्ही कोणाकडे पाहुण्या गेलात तर दारात उभं राहून काय बोलायचं ते थोडं ठरवून जाताच ना?

हिल्डाचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. 1928 साली ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं. त्याआधी तीस वर्षांवरच्या, तेही काही अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांनाच होतं. आता लाखो नव्या मतदार स्त्रिया झाल्या, पण संसदेत काय चालतं हे त्यांना कोण सांगणार? हिल्डाने 1929 च्या नोव्हेंबरात एक कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला एका स्त्री खासदाराने येऊन त्या आठवड्यात संसदेत काय झालं ते साध्या भाषेत सांगायचं. वेळ निवडली सकाळी पावणेअकराची. का? तर सकाळची कामं थोडी उरकलेली असतात, बाई चहाचा कप घेऊन क्षणभर टेकते. त्या क्षणाला तिने कार्यक्रम नेऊन ठेवला. तो कार्यक्रम 'वीक इन वेस्टमिन्स्टर' या नावाने आजही बीबीसीवर चालतो. नव्वद वर्षं उलटून गेली. चांगला माइक, झकास संगीत यांच्यावर कार्यक्रम नव्वद वर्षं चालत नाही. ऐकणारी कुठे बसली आहे, कधी बसली आहे आणि तिला कशाची गरज आहे, हे बनवणारीला माहीत होतं, म्हणून त्याचा पाया पक्का झाला.

हिल्डाचं पुढे बीबीसीच्या मुख्याधिकाऱ्यांशी, सर जॉन रीथ यांच्याशी पटलं नाही. कोणत्या विषयांवर आणि कोणत्या लेखकांवर बोलू द्यायचं यावरून खटके उडाले आणि 1931 च्या अखेरीस तिने राजीनामा दिला. 1940 साली, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली असताना ती गेली. पण रेडिओवर कसं बोलावं हे तिने जे घालून दिलं, ते आपण आजही वापरतो. तिचं नाव मात्र फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

आता आपल्याकडे येऊ.

1952 साली बा. वि. केसकर हे आपल्या देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. चित्रपटगीतं हलकी, त्याने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत. त्यांच्या काळात ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं ताकदवान प्रक्षेपण केंद्र तिथे होतं आणि त्याचा आवाज भारतभर यायचा. 3 डिसेंबर 1952 ला त्यावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सूत्रसंचालक अमीन सयानी, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती विमानाने सिलोनला जायच्या.

सयानी पुढे मुलाखतींतून सांगत की हे काम त्यांच्याकडे आलं ते त्यात पैसे फार कमी होते म्हणून. आठवड्याला पंचवीस रुपये. त्यात लिहायचंही त्यांनीच, बोलायचंही त्यांनीच आणि आलेली पत्रं तपासायचीही त्यांनीच. सुरुवातीला सात गाणी क्रम न लावता वाजवायची, त्यांचा लोकप्रियतेचा क्रम ऐकणाऱ्यांनी लावून पाठवायचा, बरोबर आला तर शंभर रुपयांचं बक्षीस, अशी योजना होती. थोडीफार पत्रं येतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली. पुढे आठवड्याची पत्रं साठ हजारांच्या वर गेली. मग क्रम लावायची पद्धत बदलली. रेकॉर्डांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यावरून गाण्याचं स्थान ठरू लागलं. दर बुधवारी रात्री आठ वाजता रस्त्यावरून चालत जावं आणि दर घरातून तोच आवाज यावा, हे आपल्यातल्या वयस्कर मैत्रिणींनी स्वतः अनुभवलेलं आहे.

लोक म्हणतात, गाणी चांगली होती म्हणून चाललं. गाणी चांगली होतीच. पण तीच गाणी रेडिओ सिलोनवर इतर वेळीही लागायची. मग हाच कार्यक्रम का? त्याचं उत्तर सयानींच्या घरात सापडतं, त्यांच्या आईकडे.

कुलसुम सयानी हे नाव मुंबईच्या प्रौढ साक्षरतेच्या चळवळीत मोठं आहे. वस्त्यांमध्ये, घराघरांत जाऊन त्या बायकांना शिकवायच्या. नव्याने अक्षरं शिकलेल्या माणसांना वाचायला काही सोपं हवं, म्हणून त्यांनी 1940 साली 'रहबर' नावाचं पत्र सुरू केलं आणि ते वीस वर्षं चालवलं. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत ते निघायचं, पण भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. जड संस्कृत शब्द नकोत, जड फारसी शब्द नकोत. नुकती वाचायला शिकलेली बाई अडखळली नाही पाहिजे, ही कसोटी. लहान अमीन या कामात आईला मदत करायचा. मुळात त्याची तयारी इंग्रजीत बोलायची होती. सगळ्यांना कळेल अशी हिंदुस्तानी आपण आईच्या पत्रामुळे शिकलो, असं ते नेहमी सांगत.

आता गीतमालेची भाषा आठवून बघा. गाण्याचा 'नंबर' नाही म्हणायचं, 'पायदान' म्हणायचं. पायरी. गाणं पायरी चढलं, पायरी उतरलं. हे कोणाला कळणार नाही? आणि हाक मारताना 'बहनों' आधी, 'भाइयों' नंतर. त्या काळी सभेत बोलणारे बहुतेक जण भाऊ आधी म्हणायचे, काही जण तर फक्त भाऊच. स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता ऐकणारीला वाटायचं, हा आधी माझ्याशी बोलतोय. मला वाटतं, ज्या आवाजाने देशाला वेड लावलं त्या आवाजामागे नवसाक्षर बायकांसाठी पत्र काढणारी एक आई होती, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

केसकरांच्या खात्यालाही अखेर नमतं घ्यावं लागलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं सरकारी रेडिओवर मानाने परत आली. ऐकणाऱ्याला काय आवडायला हवं हे वरून ठरवणाऱ्यापेक्षा, त्याला काय आवडतं हे पत्रांतून विचारणारा जिंकला. अमीन सयानी 2024 च्या फेब्रुवारीत एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले.

तिसरी गोष्ट आपल्या अगदी अंगणातली आहे, पण ती आपल्यालाच कमी माहीत आहे.

1956 साली पुणे परिसरात एक प्रयोग झाला. कल्पना मूळची कॅनडातली. तिथे 1941 पासून शेतकऱ्यांसाठी रेडिओवर साप्ताहिक कार्यक्रम लागायचा. शेजारपाजारची कुटुंबं कोणाच्या तरी घरी जमायची, कार्यक्रम ऐकायची, त्यावर बोलायची आणि आपलं म्हणणं रेडिओला कळवायची. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्यांचं ब्रीद होतं. युनेस्कोच्या मदतीने ऑल इंडिया रेडिओने ते आपल्याकडे करून पाहायचं ठरवलं. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. शेती, आरोग्य, शिक्षण, गावाचा कारभार असे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने त्यावर बोलायचं. जे प्रश्न निघतील ते लिहून रेडिओ केंद्राला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची.

हा प्रयोग तपासायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि तपासणारे होते पॉल न्यूराथ. व्हिएन्नात जन्मलेला, नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेला हा समाजशास्त्रज्ञ त्या वेळी या संस्थेत आला होता. त्यांनी तीन प्रकारची गावं घेतली. जिथे श्रोता मंडळ आहे अशी, जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी आणि जिथे रेडिओच नाही अशी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लोकांना प्रश्न विचारले, संपल्यावर पुन्हा विचारले.

काय निघालं? जिथे मंडळं होती त्या गावांतल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. आणि जिथे नुसता रेडिओ होता तिथे? फारच थोडी. कार्यक्रम तोच, आवाज तोच, संच तसाच. फरक होता तो ऐकून झाल्यावर बोलायला माणसं असण्याचा आणि आपल्या प्रश्नाला पलीकडून उत्तर येईल या भरवशाचा. मैत्रिणींनो, मला विचाराल तर, कार्यक्रम कशामुळे चालतो या प्रश्नाचं एवढं चोख उत्तर दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आणि ते आपल्या गावांनी दिलेलं आहे.

या गोष्टीला एक खंतही जोडलेली आहे. त्या मंडळांत बसायचे ते बहुतेक पुरुष. कॅनडात ऐकणं घरात व्हायचं, तिथे बाईही असायची. आपल्याकडे ते चार लोकांत, गावाच्या सार्वजनिक जागी होऊ लागलं आणि त्या काळी अशी जागा म्हणजे बायकांनी पदर सावरून बाजूने जायची जागा. म्हणजे ऐकणारी कुठे बसली आहे, हा हिल्डाने विचारलेला प्रश्न इथे कोणी विचारलाच नाही. पुढे 1959 पासून ही योजना देशभर नेली, हजारो मंडळं निघाली. पण पत्राला उत्तर देण्याची जी मेहनत दीडशे गावांसाठी घेतली होती, ती हजारो गावांसाठी कोण घेणार? मंडळं हळूहळू नावापुरती उरली.

बाईच्या हातात माइक यायला त्यानंतर आणखी अर्धं शतक गेलं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती एकट्या सरकारची नव्हे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मग 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. 2008 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आताच्या तेलंगणात, झहिराबादजवळ 'संगम रेडिओ' सुरू झाला. दलित शेतकरी बायकांनी चालवलेला. त्याच्या दोन्ही चालिकांचं नाव नरसम्मा. परवाना नव्हता तेव्हाही या बायका थांबल्या नव्हत्या. कित्येक वर्षं त्या कॅसेटवर कार्यक्रम भरून ठेवायच्या आणि बायकांच्या संघांच्या बैठकीत लावून ऐकवायच्या. बियाणं, भरड धान्यं, सणावाराची गाणी, घरगुती औषधं, सगळं आपल्या बोलीतल्या तेलुगूत. मोठ्या रेडिओवरची तेलुगू आपली वाटत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमाराला आपल्या सातारा जिल्ह्यात, दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झालं. या केंद्रांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. तरी ती टिकली, कारण ऐकणारी आणि बोलणारी एकाच बाजारात भाजी घेतात. कार्यक्रम आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतात.

आता शेवटची गोष्ट, खऱ्या पॉडकास्टची.

ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेत 'सीरियल' नावाचा पॉडकास्ट आला. सारा केनिग या पत्रकार बाईने तो केला. 1999 साली बाल्टिमोरजवळ शाळेत शिकणाऱ्या एका मुलीचा खून झाला होता आणि तिच्या आधीच्या मित्राला, अदनान सईदला, जन्मठेप झाली होती. तो खरंच दोषी आहे का, याचा शोध साराने आठवड्याला एक याप्रमाणे बारा भागांत मांडला. हा पॉडकास्ट इतका गाजला की तोवर ज्यांनी हा शब्द ऐकला नव्हता तेही ऐकायला लागले. प्रतिष्ठेचा पीबॉडी पुरस्कार मिळवणारा तो पहिला पॉडकास्ट ठरला.

त्याच्या यशाची कारणं पाहिली तर आपल्या जुन्या ओळखीची निघतात. सारा एका माणसाशी बोलावं तशी बोलते. मला हे पटतंय, मला ते पटत नाही, काल रात्री मी पुन्हा विचार केला, असं सांगते. सगळं माहीत असल्याचा आव आणत नाही. भाग ठरल्या वारी येतो, म्हणून बुधवारच्या गीतमालेसारखी वाट पाहिली जाते. आणि ऐकून झालं की लोक एकमेकांशी वाद घालतात, पुणे प्रयोगातल्या मंडळांसारखे.

पण याच यशाची दुसरी बाजूही ऐका. जगभरचे लोक त्या खुनाचे घरबसल्या गुप्तहेर झाले. कोण खरं, कोण खोटं, याचे अंदाज बांधू लागले. खटला पुढे अनेक वळणं घेत गेला. सईदची शिक्षा 2022 मध्ये रद्द झाली, 2023 मध्ये पुन्हा कायम झाली आणि 2025 मध्ये, भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं न्यायालयाने ठरवलं. यातल्या 2022 च्या सुनावणीत गेलेल्या मुलीचा भाऊ न्यायालयाला म्हणाला की तुमच्यासाठी हा पॉडकास्ट असेल, आमच्यासाठी हे खरं आयुष्य आहे. लाखो लोकांनी ऐकलं, पण ज्यांच्या घरातली लेक गेली त्यांना ते किती टोचलं असेल, याचा आकडा कुठे लागत नाही.

मला आपल्या मुलींना हेच सांगायचं आहे. आपल्या केंद्रावर बायका येऊन मन मोकळं करतात. कोणी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलते, कोणी वाटणीत डावललं गेल्याबद्दल. रेडिओवर ते बोलणं हवेत जातं आणि संपतं. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं. पॉडकास्ट मात्र राहतो. तीन वर्षांनी तिच्या होणाऱ्या सुनेच्या माहेरी कोणी ते लावेल. नाव घेतलं नसलं तरी आवाज ओळखू येतो. तिने रेडिओसाठी 'हो' म्हटलं, ते फोनसाठीही 'हो' धरायचं नाही. तिला पुन्हा विचारायचं, समजावून विचारायचं, आणि उद्या ती काढा म्हणाली तर काढायचं. असा एखादा भाग वगळल्याने आपले ऐकणारे कमी झाले तर होऊ देत. ज्या दिवशी आपल्या बायकांना वाटेल की यांच्यापुढे बोललं की जगभर होतं, त्या दिवशी त्या बोलायच्या थांबतील. मग माइक कितीही चांगला असो, त्याच्यापुढे बसणार कोण?

तर बैठकीतल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. माइक बेताचा चालेल, पण आवाज स्पष्ट हवा. पंखा बंद करा, गादी-गोधडीच्या खोलीत बसा. बोलायचं ते आधी लिहा, मोठ्याने म्हणून पाहा आणि जिथे जीभ अडखळेल तिथे शब्द बदला. कोणा एकीला डोळ्यांसमोर आणा. शेजारची वहिनी असेल, माहेरची मामी असेल. तिला कळेल असं, तिच्याशी बोला. वार ठरवा आणि तो चुकवू नका, कारण आता घड्याळ रेडिओ केंद्राच्या हातात राहिलेलं नाही, ते आपल्या शब्दाला जागण्यात आहे. लांबीची फार चिंता करू नका. गीतमाला पुढे तासभर चालायची आणि कोणी उठायचं नाही.

आणि मुख्य म्हणजे, ऐकून झाल्यावर बोलायची सोय करा. बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं भाग लावा, मग फोन बाजूला ठेवा आणि बायकांना बोलू द्या. त्यांचे प्रश्न लिहून घ्या. पुढच्या भागात, तिला चालत असेल तर नाव घेऊन, उत्तर द्या. हे सगळं 1956 साली आपल्याच गावांत सिद्ध झालेलं आहे. तेव्हा आपल्याला त्या बैठकीत जागा नव्हती, आता बैठकच आपली आहे.

फोनवर किती जणांनी ऐकलं याचा आकडा दिसेल. तो बघा, पण त्यावर दिवस बरा-वाईट ठरवू नका. दोनशे जणींनी बटण दाबलं आणि विसरून गेल्या, यापेक्षा वीस जणींनी ऐकून त्यातली एक दुसऱ्या दिवशी बांधावर भेटून म्हणाली, "अगं, तू काल जे सांगितलंस ना, त्याचं पुढे काय झालं?" तर समजा कार्यक्रम चालला.

पुढच्या भाषणासाठी तुमचे प्रश्न केंद्रावर येऊन सांगा, चिठ्ठी पाठवा, नाहीतर वाटेत भेटलात तर तिथेच विचारा. उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही.